वजनरहित अवस्था : मेंदू, तोल आणि चाल

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या मंडणगड तालुक्यात सलग सपाट वाट क्वचितच आढळते. सावित्री नदीच्या खाडीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत वाड्या विखुरलेल्या आहेत. जांभ्या दगडाच्या पाखाड्या, पऱ्ह्यांवरील साकव आणि शेतांचे बांध यांवरून तेथील माणसांची रोजची ये-जा चालते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन भर पावसात निसरडी पाखाडी उतरणाऱ्या स्त्रीला प्रत्येक पावलाचा वेगळा विचार करावा लागत नाही. पाय कोठे टेकावयाचा, कंबर किती कलती ठेवावयाची, मान कोठवर ताठ राखावयाची, हे सारे तिचा मेंदू तिच्या नकळत ठरवीत असतो. या हिशेबात मेंदूने एक गोष्ट कायमची गृहीत धरलेली असते. पृथ्वीची ओढ नेहमी खालच्या दिशेने असते आणि ती एक क्षणही थांबत नाही, ही ती गोष्ट होय.

ही ओढ जाणवेनाशी झाली तर मेंदूच्या या हिशेबाचे काय होते, हा प्रश्न १९६१ साली प्रथमच प्रत्यक्षात उभा राहिला. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात युरी गागारीन यांनी १०८ मिनिटांचे उड्डाण केले व ते सुखरूप परतले. परंतु ऑगस्टमध्ये गेर्मान तितोव एक दिवसाहून अधिक काळ अंतराळात राहिले आणि त्यांना मळमळीने ग्रासले. अवकाशात मानवी शरीराला होणाऱ्या त्रासाची ही पहिली नोंद होय. त्यानंतरच्या सहा दशकांत मानवाने अंतराळात सलग एक वर्षाहून अधिक काळ राहून दाखविले आहे. या मुक्कामांतून मेंदू व शरीराची चलनवलनाची क्रिया यांविषयी जी माहिती हाती आली आहे, तिचा उपयोग केवळ अंतराळवीरांपुरता नाही. डोंगरावरील वाडीत, घराच्या माजघरात महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून असलेल्या वृद्धाशीही तिचा निकटचा संबंध आहे.

वजन नाहीसे होते म्हणजे काय?

अंतराळात वजन का नसते, असे विचारले असता "तेथे गुरुत्वाकर्षण नसते" असे उत्तर अनेक विद्यार्थी देतात. हे उत्तर बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. मुंबईहून रस्त्याने गोव्यास जाण्याइतकेही हे अंतर नव्हे. तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरील गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ९० टक्के असते. असे असूनही वजन जाणवत नाही, कारण स्थानक आणि त्यातील माणसे सतत पृथ्वीकडे पडत असतात. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर एवढा आडवा वेग असल्यामुळे ती पृथ्वीवर आदळत नाहीत; पृथ्वीभोवती पडत राहतात, इतकेच.

वर्गात हे समजावून देण्यासाठी विहिरीचे उदाहरण घेता येईल. बादलीत दगड ठेवून ती दोराने हळूहळू सोडली, तर दगडाचा भार बादलीच्या बुडावर पडतो. दोर हातातून सुटला, तर बादली व दगड एकाच वेगाने खाली जातात आणि पडण्याच्या त्या अल्प काळात दगडाचा भार बुडावर पडत नाही. अंतराळवीर म्हणजे अशा बादलीतील दगड होय, फक्त त्याची विहीर संपत नाही.

कानातील ओळंबा

भिंत सरळ उभी आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने पाहतो. निसर्गाने असाच एक ओळंबा माणसाच्या आंतरकर्णात बसविलेला आहे. तेथे दोन लहान पिशव्या असून त्यांतील लवचिक पडद्यावर अतिसूक्ष्म स्फटिक असतात. हे स्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे वेळासच्या किनाऱ्यावर पडलेले शिंपले ज्या द्रव्याचे बनलेले असतात त्याच द्रव्याचे असतात. डोके कलले की स्फटिकांच्या वजनाने पडदा सरकतो, त्याखालील संवेदनक्षम केस वाकतात आणि डोके कोणत्या बाजूस कलले याची वर्दी मेंदूस मिळते. शेजारीच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळल्याची वर्दी त्या देतात.

वजनरहित अवस्थेत नलिकांचे काम चालू राहते. पण ओळंबा निकामी होतो. डोके कितीही कलले तरी स्फटिकांचा भार पडत नाही. डोळे सांगतात की शरीर उलटे झाले आहे, नलिका सांगतात की डोके वळले, आणि स्फटिकांकडून त्यास दुजोराच मिळत नाही. या विसंगत वर्दींमुळे मेंदू गोंधळतो. सुमारे दोन-तृतीयांश अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ, डोकेदुखी व ओकाऱ्या यांचा त्रास होतो. म्हाप्रळहून मंडणगडकडे चढणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याने एस. टी. बसमधून जाताना काही प्रवाशांना जो त्रास होतो, त्याचे मूळही असेच असते. तेथे कान सांगतो की शरीर वळते आहे आणि समोरच्या आसनाच्या पाठीवर खिळलेली नजर सांगते की सारे स्थिर आहे.

तीन-चार दिवसांत हा त्रास बहुधा ओसरतो. कान दुरुस्त झालेला नसतो. मेंदूने त्याची साक्ष कमी मोलाची ठरवून डोळ्यांवर अधिक भिस्त ठेवण्यास सुरुवात केलेली असते. मेंदूच्या या जुळवून घेण्याच्या शक्तीचे कौतुक करावे तितके थोडे आहे. मात्र परतीच्या वेळी हीच शक्ती अडचण होऊन बसते.

गुरुत्वाकर्षणाची जाण मेंदूत किती खोलवर रुजलेली आहे, हे दाखविणारा एक साधा प्रयोग १९९८ साली कोलंबिया या अवकाशयानात करण्यात आला. अंतराळवीराच्या डोक्याच्या बाजूने त्याच्या हाताकडे एक चेंडू सोडला जाई आणि तो त्याने झेलावयाचा असे. पृथ्वीवर खाली येणाऱ्या चेंडूचा वेग वाढत जातो; यानात तो शेवटपर्यंत सारखाच राहतो. अंतराळवीरांना हे ठाऊक होते, डोळ्यांना दिसतही होते. तरीही त्यांच्या हाताचे स्नायू चेंडू पोहोचण्यापूर्वीच झेलण्यासाठी आवळले जात, जणू चेंडूचा वेग वाढणारच आहे. पंधरवडा उलटला तरी ही सवय पूर्णपणे गेलेली नव्हती. बुद्धीस पटलेली गोष्ट हाताला पटावयास वेळ लागतो, असाच याचा अर्थ.

मेंदूच्या जागेत होणारा बदल

पृथ्वीवर उभ्या माणसाच्या शरीरातील रक्त व अन्य द्रव पायांकडे ओढले जातात. अंतराळात ही ओढ जाणवत नसल्याने द्रव छाती व डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय बारीक होतात. कण्यातील मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब कमी झाल्याने उंचीही काही सेंटिमीटर वाढते. या बाह्य बदलांची माहिती पूर्वीपासून होती. कवटीच्या आत काय घडते हे मात्र एम. आर. आय. तपासणीची सोय झाल्यावरच समजू लागले.

अमेरिकेतील डॉ. डोना रॉबर्ट्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ३४ अंतराळवीरांच्या मेंदूच्या उड्डाणापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ जण सरासरी साडेपाच महिने अवकाशस्थानकात राहिलेले होते व १६ जणांनी अवघ्या दोन आठवड्यांची उड्डाणे केली होती. मेंदूच्या मध्यभागातील खाच दीर्घ मुक्काम केलेल्या १८ पैकी १७ जणांत अरुंद झाली होती, तर अल्प मुक्काम केलेल्या १६ पैकी केवळ तिघांत. दीर्घ मुक्कामानंतर ज्या १२ जणांच्या अधिक तपशिलाच्या प्रतिमा उपलब्ध होत्या, त्या सर्वांचा मेंदू कवटीत किंचित वर सरकलेला आढळला. या खाचेच्या दोन्ही बाजूंस हालचालींचे व स्पर्शाचे नियंत्रण करणारी केंद्रे असतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या काही पोकळ्या असतात. दीर्घ मुक्कामात त्या फुगतात. ३० अंतराळवीरांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार पोकळ्यांची वाढ पहिल्या सहा महिन्यांत होते व पुढे तिचा वेग मंदावतो. दोन उड्डाणांमध्ये तीन वर्षांहून कमी अंतर असेल, तर त्या पूर्ववत होण्यास पुरेसा अवधी मिळत नाही, असेही त्यात दिसून आले. अंतराळवीरांना वारंवार पाठविण्याचे वेळापत्रक आखणाऱ्यांना हा निष्कर्ष डोळ्यांआड करता येणार नाही.

अशा वार्ता वाचून अंतराळात मेंदू निकामी होतो असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. या बदलांपैकी काही तर शिकण्याच्या खुणा आहेत. २७ अंतराळवीरांविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूतील करड्या द्रव्याचे आकारमान अनेक ठिकाणी घटलेले दिसले. पण पायांच्या संवेदना व हालचालींशी संबंधित भागात ते वाढलेले होते. चालणे सोडून तरंगणे शिकावे लागल्याने पायांच्या केंद्रांना नवा अभ्यास करावा लागतो, हे त्याचे एक संभवनीय कारण आहे. रशियाचे व्हालेरी पोल्याकोव हे स्वतः डॉक्टर. १९९४ च्या जानेवारीपासून १९९५ च्या मार्चपर्यंत सलग ४३७ दिवस ते मीर स्थानकात राहिले. त्यांच्या आकलनशक्तीच्या चाचण्या वेळोवेळी घेण्यात आल्या. पहिल्या काही आठवड्यांत आणि परतल्यानंतरच्या काही दिवसांत त्यांची कामगिरी थोडी खालावली. मधल्या प्रदीर्घ काळात ती जवळजवळ पूर्वीप्रमाणेच राहिली. अमेरिकेचे स्कॉट केली ३४० दिवस राहून २०१६ साली परतले, तेव्हा त्यांच्या चाचण्यांतील वेग व अचूकता काही महिने कमी झालेली आढळली. एकेका व्यक्तीवरून सर्वसाधारण नियम बांधता येत नाही, हे दोन्ही उदाहरणांना लागू आहे.

जमिनीवर पुन्हा पहिले पाऊल

अंतराळात पायांना शरीर तोलावे लागत नाही. पायांचा उपयोग फार तर आडव्या दांड्यात अडकवून शरीर एका जागी रोखण्यापुरता होतो. त्यामुळे तळव्यांची जाड कातडी सोलवटून निघते आणि पावलांच्या वरच्या बाजूस घट्टे पडतात. पोटऱ्या, मांड्या व पाठ यांचे स्नायू रोडावतात. पुरेसा व्यायाम न केल्यास कंबर व मांडीच्या हाडांचे द्रव्य महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का या प्रमाणात घटते.

१९७० साली सोयूझ-९ यानातून आंद्रियान निकोलायेव व व्हितालि सेवास्त्यानोव हे सुमारे १८ दिवसांनी परतले, तेव्हा त्यांना यानातून बाहेर येण्यासाठी आधार द्यावा लागला आणि पूर्वीसारखे हिंडूफिरू लागण्यास कित्येक दिवस लागले. या अनुभवापासून सोव्हिएत डॉक्टरांनी व्यायामावर भर दिला. आज अवकाशस्थानकात दररोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. शरीर पट्ट्यांनी खाली ओढून धरून फिरत्या पट्ट्यावर धावावयाचे, जागच्या जागी सायकल चालवावयाची आणि यंत्राच्या दाबाविरुद्ध उठाबशा काढावयाच्या, असा हा कार्यक्रम असतो. पोल्याकोव यांनी ४३७ दिवसांनंतर यानातून उतरून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतः चालत जाऊन दाखविले, त्यामागे ही शिस्त होती. मंगळापर्यंतचा प्रवास माणसाला पेलेल, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. मंगळावर उतरणाऱ्यास उचलून खुर्चीत बसविणारे पथक तेथे नसणार, हे खरेच आहे.

व्यायामाने स्नायू व हाडे राखता येतात. तोल मात्र तेवढ्याने राखला जात नाही. परतलेल्या अंतराळवीरास मान झटकन वळविली की भोवळ येते. कोपऱ्यावर वळताना तो भिंतीला घासतो, पाय फाकवून चालतो. डोळे मिटून एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकणे त्याला सर्वांत कठीण जाते, कारण डोळ्यांचा आधार काढून घेतला की ज्या कानाची साक्ष मेंदूने इतके दिवस दुर्लक्षिली, त्याच्यावरच विसंबावे लागते. दीर्घ सफरीहून परतलेल्या खलाशाला बंदरावर उतरल्यानंतरही जमीन हलल्यासारखी वाटते. बाणकोटच्या खाडीकाठच्या दर्यावर्दी घरांना हा अनुभव नवा नाही. अंतराळवीराचा अनुभव त्याच जातीचा, पण अधिक तीव्र असतो. बहुतेकांचा तोल काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होतो. सुनीता विल्यम्स २०२४ च्या जूनमध्ये सुमारे आठ दिवसांसाठी गेल्या आणि यानातील बिघाडामुळे २८६ दिवसांनी, २०२५ च्या मार्चमध्ये परतल्या. त्यांना यानातून चाकांच्या पलंगावरून नेताना जगाने पाहिले. ती कोणा एकीची दुर्बलता नव्हे. दीर्घ मुक्कामानंतर परतणाऱ्यांच्या बाबतीत घेतली जाणारी ती नेहमीची खबरदारी आहे.

भारतीयांचा सहभाग

भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात जाणारे पहिले भारतीय शुभांशु शुक्ला हे दोघेही पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. श्री. शर्मा १९८४ च्या ३ एप्रिल रोजी निघाले व जवळजवळ आठ दिवस सॅल्युत-७ स्थानकात व यानात राहिले. वजनरहित अवस्थेत योगासनांचा स्नायूंवर व शरीराच्या जुळवणुकीवर काय परिणाम होतो, हे त्यांनी स्वतःवर पाहिले. त्या वेळी स्थानकात आठ महिन्यांच्या मुक्कामासाठी आलेल्या तुकडीत ओलेग आत्कोव हे डॉक्टरही होते.

श्री. शुक्ला यांचे उड्डाण २०२५ च्या २५ जून रोजी झाले व १५ जुलै रोजी ते परतले. त्यांच्याकडे सोपविलेल्या भारतीय प्रयोगांत मेथी व मूग यांच्या अंकुरणाचा प्रयोग होता, तसेच स्नायूंच्या पुनर्निर्मितीचा आणि संगणकाच्या पडद्यावर काम करताना मेंदूवर पडणाऱ्या ताणाचाही होता. परतल्यानंतर त्यांनी सांगितलेला एक अनुभव शास्त्रीय विवेचनाहून अधिक बोलका आहे. काम संपल्यावर त्यांनी मांडीवरचा संगणक मिटला आणि पलंगाच्या कडेवरून हवेत सोडून दिला. तो तरंगत राहील, असे त्यांच्या हाताने गृहीत धरले होते. तीन आठवड्यांच्या आत हाताने नवा नियम शिकला होता आणि जुना नियम अद्याप परत आलेला नव्हता.

गगनयान मोहिमेत अंतराळवीरांचा मुक्काम सुमारे तीन दिवसांचा राहील अशी योजना आहे. एवढ्या काळात मुख्य प्रश्न मळमळीचा राहील. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अवकाशस्थानक उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. त्यानंतर मात्र वर वर्णन केलेले सर्व प्रश्न भारतीय डॉक्टरांच्या पुढ्यात येतील.

अंथरुणावरील अंतराळप्रवास

अंतराळात फार थोडी माणसे जातात. त्यामुळे संशोधक पृथ्वीवरच निरोगी स्वयंसेवकांना अंथरुणावर झोपवून वजनरहित अवस्थेची नक्कल करतात. पलंगाचे डोके सहा अंशांनी खाली झुकविलेले असते, म्हणजे द्रव डोक्याकडे सरकतात. जेवण, स्नान, शौच सारे झोपूनच. २०१९ साली जर्मनीत कोलोन येथे अशा प्रयोगात २४ जणांनी प्रत्येकी ६० दिवस काढले. अशा प्रयोगांत स्नायू रोडावणे, हाडे विरळ होणे, उठल्यावर भोवळ येणे व चाल अस्थिर होणे, हे सर्व थोड्याफार फरकाने अंतराळवीरांप्रमाणेच दिसून येते.

नेमक्या याच ठिकाणी हा विषय गावापर्यंत येऊन पोहोचतो. मुलगा-सून मुंबईस आणि वृद्ध आईवडील गावी, ही मंडणगडमधील अनेक घरांची स्थिती आहे. पावसाळ्यात पाखाडीवर पाय घसरतो, खुबा मोडतो. शस्त्रक्रिया नीट होते, हाड जुळते. पण "आता हलू नका, पडून राहा" असे आप्तजन प्रेमाने सांगतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती व्यक्ती उभीच राहू शकत नाही. दोष वयाला दिला जातो. वास्तविक त्यातील मोठा वाटा अंथरुणाचा असतो. मोडलेल्या हाडाची काळजी घेणाऱ्यांनी न चालणाऱ्या मेंदूचीही काळजी घ्यावयास हवी, कारण तोल हा वापराने टिकतो. म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, प्रकृतीस मानवत असेल तर, एक-दोन दिवसांतच रुग्णास आधाराने उभे करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. घरी आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथम अंथरुणाच्या कडेवर पाय सोडून बसणे, मग आधाराने उभे राहणे, मग ओट्यापर्यंत चालणे, असा क्रम ठेवता येतो. अंतराळवीराला परतल्यावर जी शिकवणी दिली जाते, ती याहून फारशी वेगळी नसते.

वृद्धांचा ओळंबाही वयोमानाने मंदावलेला असतो आणि त्यांचा मेंदू डोळ्यांवर अधिक विसंबतो. अंधारात पडण्याचे प्रमाण अधिक असण्याचे हे एक कारण आहे. त्या दृष्टीने पाहिले असता, वाडीतील पाखाडीच्या एका बाजूस बसविलेला लोखंडी कठडा, शौचालयाच्या वाटेवरील दिवा किंवा मोतीबिंदूची वेळेवर झालेली शस्त्रक्रिया यांचे मोल ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातील त्यांच्या आकड्यांहून बरेच मोठे ठरते.

अंथरुणाने होणारी हानी किती मोठी असते, याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतील डॅलस येथून मिळालेला आहे. १९६६ साली तेथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांच्या शरीराची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ते पन्नाशीत पोहोचले होते, वजने वाढली होती. तरीही तीस वर्षांच्या वार्धक्याने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमीच भरली. त्यानंतर त्यांना सहा महिने चालणे, हळू धावणे व सायकल यांचा बेताचा व्यायाम देण्यात आला आणि त्यांची सरासरी क्षमता अंथरुणास टेकण्यापूर्वी, वयाच्या विसाव्या वर्षी होती तेथवर परत आली.